मंडळ कशासाठी? : गणित शिक्षकांच्या संघटनांचा इतिहास आणि मीरा-भाईंदर

२५ डिसेंबर १९०६ रोजी मद्रास इलाख्यातल्या गुत्तीहून व्ही. रामस्वामी अय्यर या डेप्युटी कलेक्टरने गणिताची आवड असलेल्या काही मंडळींना एक पत्र धाडले. पत्रामागची अडचण साधी होती. परदेशी गणिती नियतकालिके आणि नवे ग्रंथ एकट्यादुकट्याला परवडत नव्हते आणि लहान गावांतल्या कॉलेजांत ते येतही नव्हते. वर्गणी काढून ते मागवावेत आणि आळीपाळीने वाचावेत, एवढीच सूचना होती. ४ एप्रिल १९०७ रोजी वीस सभासदांनिशी ‘अॅनॅलिटिक क्लब’ सुरू झाला. त्याचा लवकरच इंडियन मॅथेमॅटिकल क्लब झाला आणि १९१० मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी. देशातल्या या सर्वांत जुन्या गणितसंस्थेचे ग्रंथालय ठेवले गेले पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. केंब्रिजचे १८९९ चे सीनियर रँग्लर र. पु. परांजपे तेव्हा तिथे प्राचार्य होते. नियतकालिके पुण्याहून टपालाने सभासदांकडे जात आणि वाचून झाली की परत येत. महसूल खात्यातल्या एका अधिकाऱ्याने पुढाकार घ्यावा आणि पुण्यातल्या एका कॉलेजाने कपाट मोकळे करून द्यावे, एवढ्या भांडवलावर ही संस्था उभी राहिली. आपल्याकडे कोणतेही मंडळ काढायचे म्हटले की आधी कार्यालयाची जागा आणि शासनमान्यता यांची चर्चा सुरू होते, म्हणून या सुरुवातीचा साधेपणा मुद्दाम नोंदवावासा वाटतो.

पुस्तके वाटून वाचणारे मंडळ एवढ्यावरच ही संस्था राहिली असती, तर तिच्याविषयी आज लिहायला फारसे काही उरले नसते. १९०९ मध्ये तिचे नियतकालिक निघाले आणि त्यात सभासदांनी प्रश्न घालावेत, इतरांनी ते सोडवावेत, असा एक विभाग ठेवला गेला. १९१० मध्ये नोकरीच्या शोधात असलेला एक तरुण आपल्या वह्या घेऊन रामस्वामी अय्यरांना भेटला होता. १९११ साली त्याचा, म्हणजे श्रीनिवास रामानुजन यांचा, बर्नोली संख्यांवरचा पहिला लेख याच नियतकालिकात छापून आला. त्याच वर्षी त्यांनी तिथे घातलेला एक प्रश्न २८९ या क्रमांकाने छापला गेला. १ अधिक २ गुणिले (१ अधिक ३ गुणिले (१ अधिक ४ गुणिले … चे वर्गमूळ) चे वर्गमूळ) या सगळ्याचे वर्गमूळ, अशी न संपणारी मांडणी देऊन तिची किंमत काढा, असे त्यांनी विचारले होते. सहा महिने उलटले तरी कोणाचे उत्तर आले नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच ते दिले : ३. नववीतल्या विद्यार्थ्यालाही हे उत्तर उलट्या दिशेने समजावता येते. ३ म्हणजे √९, आणि ९ म्हणजे १ + २×४. यातला ४ म्हणजे √१६, आणि १६ म्हणजे १ + ३×५. हा ५ म्हणजे √२५, आणि २५ म्हणजे १ + ४×६. पुढची प्रत्येक पायरी n(n + २) + १ = (n + १)² या सूत्रातून निघते. कडक गणिती इथे लगेच विचारेल की ही न संपणारी मांडणी एका किमतीकडे जाते हे कशावरून, आणि तसे विचारलेच पाहिजे. रामानुजन यांच्या उत्तरात ती बाजू मोकळी होती आणि ती पुढे इतरांनी भरून काढली.

गणित शिक्षकांच्या मंडळाविषयी मला जे म्हणायचे आहे ते या एका प्रश्नात आले आहे. पदवी नसलेल्या, नोकरी नसलेल्या माणसाचा प्रश्न नावासकट आणि क्रमांकासकट छापला गेला. तो सर्व सभासदांसमोर राहिला, कोणाला सुटला नाही हेही जाहीर झाले, उत्तर आले आणि त्या उत्तरातली उणीवही काळाच्या ओघात पुढे आली. एकट्या माणसाला हे करता येत नाही, सरकारी खात्याला ते सुचत नाही आणि बाजाराला त्याची गरज नसते. सभा, सत्कार, परीक्षा, सहली ही मंडळाची बाकीची कामे दुसऱ्या कोणीही केली तरी चालतील. आपले काम त्याच धंद्यातल्या माणसांसमोर तपासणीसाठी ठेवणे, आणि त्यांचे काम तितक्याच आस्थेने तपासणे, हे मात्र मंडळाशिवाय होत नाही. शिक्षकाने मंडळात जावे ते यासाठी. काय मिळेल हा हिशेब त्यानंतरचा.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की ही विद्वानांची गोष्ट झाली, शाळेच्या शिक्षकाचा तिच्याशी काय संबंध? याचे उत्तर आपल्याच भागात आहे. द. रा. कापरेकर १९०५ साली डहाणूला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, जन्मले आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. संशोधनाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. अंकांशी खेळणारा मास्तर म्हणून त्यांची चेष्टाही झाली. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येविषयीचा आपला शोध मांडला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, समजा ३५२४. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा : ५४३२ − २३४५ = ३०८७. पुन्हा तेच : ८७३० − ०३७८ = ८३५२. पुन्हा : ८५३२ − २३५८ = ६१७४. इथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहते. आणि कोणत्याही संख्येपासून निघालात तरी सात पायऱ्यांच्या आत तुम्ही तिथे पोहोचता. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले. परिषदांनी कापरेकरांना मान दिला असे म्हणणे सत्याला सोडून होईल. मान उशिरा आला आणि तो बाहेरून आला. पण म्हणणे मांडायला उभे राहण्याची जागा परिषदेने दिली आणि ती एका माध्यमिक शिक्षकाला मिळाली, हेही तितकेच खरे. उरलेल्या महाराष्ट्रात त्या पिढीतले आणखी किती शिक्षक अशी जागा न मिळाल्याने वहीतच राहिले, याची मोजदाद कोणी करू शकणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. मंडळे ठराव करतात, निवेदने देतात आणि अभ्यासक्रम मात्र वरून येतो तसाच येतो. मग शिक्षकाने तिथे संध्याकाळ का घालवावी? या आक्षेपाला इंग्लंडचा इतिहास चांगले उत्तर देतो, आणि ते उत्तर गोड नाही. तिथल्या शाळांमध्ये भूमिती म्हणजे युक्लिडचे पुस्तक आणि त्यातला सिद्धतांचा क्रम, तो जसाच्या तसा पाठ, अशी स्थिती होती. बर्मिंगहॅमच्या किंग एडवर्ड्स स्कूलमधले शिक्षक रॉडन लेव्हेट यांनी १८७० मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात पत्र लिहून याविरुद्ध संघटना काढावी असे सुचवले आणि १८७१ च्या जानेवारीत भूमितीचे अध्यापन सुधारण्यासाठी शिक्षकांची संघटना निघाली. तिने १८७५ मध्ये पर्यायी अभ्यासक्रम तयार केला. विद्यापीठांनी तो बाजूला ठेवला. १८९४ मध्ये संघटनेचे ‘मॅथेमॅटिकल गॅझेट’ निघाले आणि १८९७ मध्ये तिचे नाव मॅथेमॅटिकल असोसिएशन झाले. १९०१ साली ग्लासगोत जॉन पेरी या अभियंत्याने गणित शिक्षणावर जोरदार हल्ला चढवला आणि वातावरण फिरले. १९०३ मध्ये केंब्रिजने युक्लिडच्या क्रमाची सक्ती सोडली. म्हणजे बत्तीस वर्षे गेली. शेवटचा धक्का संघटनेबाहेरच्या माणसाने दिला, हेही कबूल करायला हवे. पण धक्का बसला तेव्हा पर्याय तयार होता, वर्गात वापरून पाहिलेला होता आणि त्यावर तीस वर्षांची छापील चर्चा झालेली होती. पेरींच्या भाषणाने दार उघडले. आत नेऊन ठेवण्यासारखे सामान संघटनेपाशी होते.

आपल्याकडे हे सामान कसे नसते, याचा नमुना २०१९ च्या जूनमध्ये महाराष्ट्राने पाहिला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले आणि वृत्तवाहिन्यांपासून विधानसभेपर्यंत त्यावर वाद आणि विनोद झाले. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका शांतपणे सांगितली : जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुले अडखळतात, स्थानिक किमतीशी जुळणारे वाचन त्यांना सोपे जाते. विरोधकांनी भाषेचा आणि परंपरेचा मुद्दा मांडला. दोन्ही बाजूंना बोलायला जागा होती. सार्वजनिक चर्चेत जे दिसले नाही ते म्हणजे दुसरीच्या वर्गांतला पुरावा : इतक्या शाळांत इतक्या मुलांना दोन्ही रीतींनी संख्या लिहायला सांगितल्या, इतक्या चुका झाल्या, त्या अशा प्रकारच्या होत्या. हा पुरावा गोळा करायला संशोधन केंद्र लागत नाही. शंभर शिक्षक आणि एक ठरलेली प्रश्नपत्रिका पुरते. ऑक्टोबर २०२४ मध्येही तेच झाले. राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात दहावीला गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी, गुणपत्रिकेवर शेरा मारून, पुढे जाता यावे अशी तरतूद आल्याची बातमी आली आणि लोक लगेच बाजू घेऊन मोकळे झाले. वीस आणि पस्तीस यांच्या मधल्या मुलाला नेमके काय येते आणि काय येत नाही, हे त्याचे पेपर तपासणाऱ्यालाच माहीत असते. त्याने ते कुठे सांगायचे?

शाळाशिक्षकांची म्हणून देशव्यापी संघटना १९६५ मध्ये चेन्नईत उभी राहिली : असोसिएशन ऑफ मॅथेमॅटिक्स टीचर्स ऑफ इंडिया. तिच्या उभारणीत पी. के. श्रीनिवासन यांच्यासारखे शिक्षक होते. चेन्नईच्या मुथियालपेठ हायस्कूलमध्ये शिकवणाऱ्या या माणसाने रामानुजन यांची पत्रे आणि त्यांच्याविषयीच्या आठवणी वणवण फिरून जमवल्या आणि १९६८ मध्ये ते दोन खंड शाळेच्याच नावाने प्रसिद्ध झाले. आज रामानुजन यांच्यावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा आधार घ्यावा लागतो. महाराष्ट्रात पुण्याला श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापले, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, आता मानखुर्दला असलेले, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून आहे, आणि अलीकडे मॅथेमॅटिक्स टीचर्स असोसिएशन (इंडिया) ही संघटना गणित ऑलिम्पियाडची पहिली पायरी असलेली परीक्षा घेते. शाळांच्या पातळीवर मात्र आपल्या ओळखीची नावे म्हणजे महाराष्ट्र गणित अध्यापक महामंडळ, त्याची जिल्ह्याजिल्ह्यांतली मंडळे आणि बृहन्मुंबई गणित अध्यापक मंडळ. पाचवी आणि आठवीच्या मुलांसाठी गणित प्रावीण्य, त्यातून निवडलेल्यांसाठी गणित प्रज्ञा आणि शिवाय संबोध परीक्षा, ही या मंडळांची सर्वांना दिसणारी कामगिरी.

दिसणारी कामगिरी एवढीच असल्यामुळे तिसरा आक्षेप उभा राहतो, आणि तो घेणारे बहुधा मंडळाचे जुने सभासदच असतात : मंडळ म्हणजे परीक्षेचे फॉर्म, फी आणि प्रमाणपत्रे. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. ज्या शाळेत मंडळाचा सभासद म्हणजे वर्गात फॉर्म वाटणारा आणि पैसे गोळा करणारा शिक्षक, त्या शाळेत मंडळ पोहोचलेलेच नाही. तरीही परीक्षा बंद कराव्यात, असा निष्कर्ष मी काढणार नाही. चांगला प्रश्न रचणे हे गणित शिक्षकाचे सर्वांत कठीण काम आहे. पाठ्यपुस्तकाच्या पलीकडचा पण पाचवीच्या आवाक्यातला, पाठांतराने न सुटणारा, दोन अर्थ न निघणारा प्रश्न दहा जणांनी मिळून घासूनपुसून तयार करायचा, हे शिक्षकाचे उत्तम प्रशिक्षण आहे. अडचण अशी की हे काम मोजक्या परीक्षकांपुरते राहते आणि बाकीचे सभासद वाटपात अडकतात. प्रश्नपत्रिका झाल्यावर मुलांनी कोणते प्रश्न चुकवले आणि कसे चुकवले, हे प्रत्येक केंद्रावरून लिहून आले आणि पुढच्या वर्षी ते छापले गेले, तर तीच परीक्षा १९०९ च्या त्या प्रश्नोत्तर विभागाच्या जवळ जाईल.

उरलेल्या तीन आक्षेपांना थोडक्यात उत्तर देता येते. शिक्षक संघटना आहेतच, असे म्हणतात. आहेत, आणि पगार, पेन्शन, संचमान्यता, बदल्या यांसाठी त्या लागतातच. पण अपूर्णांकांचा भागाकार कसा शिकवावा, हा त्यांच्या सभेत येणारा विषय नव्हे आणि तसा तो असावा ही अपेक्षाही चुकीची. सरकारी प्रशिक्षण असते, असेही म्हणतात. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी आर. रामानुजम यांच्या अध्यक्षतेखालील गटाने गणित अध्यापनावर जो निबंध तयार केला, त्यात मुलांची भीती, निराश करणारा अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाच्या ओबडधोबड पद्धती यांच्या जोडीला शिक्षकाची अपुरी तयारी आणि त्याला मिळणारा अपुरा आधार हीदेखील मूळची अडचण म्हणून नोंदवली आहे. प्रशिक्षण वरून खाली येते. वर्गातला प्रश्न त्याच वाटेने वर जात नाही. राहिला व्हॉट्सअॅप. तिथे सरावपत्रिका, व्हिडिओ, पीडीएफ यांचा पूर आहे, आणि काही खरोखर चांगले आहेत. पण पुढे ढकललेल्या गोष्टीचा कोणी धनी नसतो. चूक निघाली तर ती कोणाची, दुरुस्ती कुठे पाहायची, हे कळायला मार्ग नाही. रामानुजन यांचा प्रश्न २८९ आजच्या एखाद्या ग्रुपवर आला असता, तर दोन अंगठे आणि तीन फुले मिळून संध्याकाळपर्यंत वर सरकून गेला असता.

वेळ नाही, हे कारण मात्र हसण्यावारी नेऊ नये. शिक्षण हक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही कामे शिक्षकाला लावता येतात, आणि मतदारयादीपासून ऑनलाइन माहिती भरण्यापर्यंतची बाकीची कामे वेगळीच. खासगी विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकाला शाळा सुटल्यावर क्लासला जावे लागते, कारण पगारात घर चालत नाही. अशा माणसाला आठवड्याच्या सभा आणि वर्षाचे अधिवेशन सांगणे ही थट्टा ठरेल. म्हणून मंडळाने सभासदाकडे थोडेच मागावे आणि जे मागावे ते त्याच्या रोजच्या कामातूनच निघावे. पेपर त्याला तपासावे लागतातच. तपासताना एका प्रश्नाची उत्तरे वेगळी लिहून ठेवायची, एवढे मागितले तर ते होण्यासारखे आहे.

मीरा-भाईंदरला याची गरज इतर शहरांपेक्षा जास्त आहे, आणि संधीही. १९८५ मध्ये नगरपालिका आणि २८ फेब्रुवारी २००२ पासून महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख होती. २००१ मध्ये ती पाच लाखांवर आणि २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. मिठागरे आणि कोळी-आगरी गावे यांच्या मधोमध वसाहती उभ्या राहिल्या, आणि वसाहतींबरोबर शाळा. पालिकेच्याच शाळा मराठी, हिंदी, गुजराती आणि उर्दू माध्यमांच्या आहेत. शिवाय राज्य मंडळाच्या इंग्रजी शाळा आहेत, केंद्रीय मंडळाच्या आहेत. दहिसर चेकनाक्याला बृहन्मुंबईची हद्द संपते आणि जिल्ह्याचे ठाणे घोडबंदर रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. मधले हे शहर सवयीने मुंबईकडे पाहते आणि कागदोपत्री ठाण्याचे. एकाच रस्त्यावरच्या दोन शाळांतले गणित शिक्षक एकमेकांना ओळखत नाहीत, कारण एकाचे पुस्तक बालभारतीचे आणि दुसऱ्याचे एनसीईआरटीचे. मुले मात्र संध्याकाळी एकाच क्लासला बसतात आणि सारख्याच चुका करतात. पाच माध्यमांची आणि दोन-तीन मंडळांची मुले काही किलोमीटरांच्या आत असणे ही प्रशासनाची डोकेदुखी असेल; गणित शिकवणाऱ्यांच्या मंडळाला ती आयती प्रयोगशाळा आहे.

सुरुवात कशी करता येईल, याचे एक उदाहरण देतो. ०.७ आणि ०.२५ यांतली मोठी संख्या कोणती, हा प्रश्न सहावीला घाला. काही मुले ०.२५ म्हणतील, कारण २५ हे ७ पेक्षा मोठे. काही ०.७ म्हणतील, पण कारण विचारले तर ‘दशांश चिन्हानंतर जितके कमी अंक तितकी संख्या मोठी’ असे सांगतील. त्यांचे उत्तर बरोबर आणि समज चुकीची, आणि गुणपत्रिकेत ती कधीच दिसणार नाही. ०.७ च्या जागी ०.१ घातला की हीच मुले पकडली जातात. ‘पॉइंट पंचवीस’ असे वाचणाऱ्या वर्गात पहिली चूक अधिक होते का, ‘शून्य पूर्णांक पंचवीस शतांश’ म्हणणाऱ्या वर्गात ती कमी होते का, रुपये-पैशांच्या उदाहरणांतून शिकलेल्यांचे काय होते, हे एका शाळेत कळणार नाही. पाच माध्यमांच्या वीस शाळांत एकाच आठवड्यात विचारले तर कळेल, आणि मग पुढचा संख्यावाचनाचा वाद होईल तेव्हा या शहरातल्या शिक्षकांपाशी मताखेरीज दाखवायला आणखीही काही असेल.

म्हणून ही स्मरणिका वाचणाऱ्या प्रत्येक गणित शिक्षकाला एवढीच विनंती आहे. येत्या घटक चाचणीत वरचा प्रश्न, दोन्ही जोड्यांसह, घाला. मुलांची उत्तरे आणि त्यांनी सांगितलेली कारणे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. गुण कळवू नका. खाली इयत्ता, माध्यम, पटसंख्या आणि स्वतःचे नाव लिहा आणि तो कागद शेजारच्या शाळेतल्या गणित शिक्षकाला वाचायला द्या. त्याने त्यातली चूक काढली तर ती मान्य करून दोघांच्या सहीने जिल्हा मंडळाकडे पाठवा. वर्गणीची पावती त्यानंतर फाडली तरी चालेल.